अनुभव धागा: धडधड नेहमीचीच, पण आज इमर्जन्सीत जायचं का?

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, यापुढे एएफ), एसव्हीटी (अचानक सुरू होणारी वेगवान, नियमित धडधड), मधूनच पडणारे जादा ठोके, पेसमेकर, आयसीडी (घातक ताल दिसला की आतूनच शॉक देणारं छातीत बसवलेलं उपकरण). यांपैकी काहीतरी घेऊन वर्षानुवर्षं जगणारे इथे बरेच आहेत. पहिल्यांदा धडधडलं की माणूस सरळ डॉक्टर गाठतो. अडतं ते जुन्या रुग्णाचं. दर वेळी पळायचं म्हटलं तर कॅज्युअल्टीतच मुक्काम करावा लागेल, आणि दर वेळी पडून राहणंही परवडणारं नाही. तुम्ही काय तपासता, कुठे थांबता, कधी निघता ते लिहा. किस्से नकोत, कामाचं लिहा.

केवडा

कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून आधी न थांबण्याची यादी. छातीत दाब किंवा दुखणं, बसल्या जागी धाप, दरदरून घाम येऊन अंग गार पडणं, शुद्ध हरपणं किंवा आता हरपते असं वाटणं: यांतलं काहीही धडधडीसोबत असेल तर नाडी मोजत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत तर अजिबात येऊ नका.

तोंड वाकडं होणं, एक हात न उचलणं, जीभ जड होणं या पक्षाघाताच्या (स्ट्रोकच्या) खुणा एएफवाल्यांनी घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवाव्यात. ज्याला होतं त्याला स्वतःला बऱ्याचदा पत्ताच नसतो. आल्यावर आम्ही दोन गोष्टींची वेळ विचारतो: शेवटचं धड केव्हा पाहिलं, आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची किती वाजता घेतली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि देता येईल की नाही हे त्या गोळीवरही ठरतं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी यायचंच.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला तर टेंगूळसुद्धा नसलं तरी दाखवून घ्या.

साधा_सरळ

नाडीबद्दल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं, हे एएफमध्ये चालत नाही. पूर्ण साठ सेकंद मोजा. मनगटावर बोटं ठेवा, अंगठा नको. त्याची स्वतःची नाडी मध्ये येते. तरीही आकडा फसवतो. वेगवान एएफमध्ये काही ठोके इतके दुबळे पडतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. हाताला 98 लागतात आणि छातीवर स्टेथोस्कोप लावला की 130 निघतात. बीपीचं मशीन आणि स्मार्टवॉचचा नाडी मोजणारा हिरवा दिवाही इथेच गंडतात. बीपी मिनिटभराच्या अंतराने तीनदा घ्या आणि सरासरी धरा.

घड्याळावरचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघतो. ठोके नियमित आहेत का एवढं तो सांगतो, हार्ट अटॅक त्याला दिसत नाही. स्क्रीनवर सगळं ठीक आणि छातीवर दगड, अशा वेळी छातीचं ऐका.

ढोबळ मर्यादा: स्वस्थ बसून नाडी 120 च्या वर आणि अर्ध्या तासात उतरत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 150 च्या वर टिकून राहिली, 40 च्या खाली जाऊन घेरी येतेय, किंवा वरचं बीपी 90 च्या खाली गेलं, तर इमर्जन्सी. पण स्वतःचे आकडे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याची रेघ बरीच अलीकडे असते. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: ताप किंवा रक्तस्रावात नाडी वाढायला हवी ती या गोळीमुळे वाढत नाही, म्हणून 80 चा आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

पाणकळा

एसव्हीटीवाल्यांसाठी, धडधड घरीच थांबवायचा उपाय. ईसीजीवर निदान झालेलं असेल आणि डॉक्टरांनी करायला सांगितलं असेल तरच हे करा. पाठ टेकून अर्धवट बसा. 10 मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडात 15 सेकंद फुंका. आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतका जोर. लगेच दुसऱ्या कोणीतरी तुम्हाला सपाट झोपवून पाय 45 अंशांत 15 सेकंद वर धरायचे. मग पुन्हा अर्धवट बसा. चुकतं ते पाय वर करण्यात: लोक उसंत घेतात, आणि तोवर परिणाम निघून जातो. 2015 च्या रिव्हर्ट चाचणीत या पद्धतीने 43 टक्के लोकांचा ताल जागेवर आला, नुसत्या फुंकण्याने 17 टक्क्यांचा. एएफ याने थांबत नाही, कारण त्याचं चक्र एव्ही नोडमधून (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विजेचा सांधा) फिरत नाही.

मानेची शीर घरी चोळू नका. डोळे दाबणं तर सोडूनच द्या. दोन-तीनदा करून उतरलं नाही आणि अर्धा तास होत आला की निघा. तिथे दमा असल्यास आणि थिओफायलिन (दम्याचं औषध) चालू असल्यास आधीच सांगा. एडेनोसिन (एसव्हीटी थांबवणारं इंजेक्शन) द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे त्यावर ठरतं. डब्ल्यूपीडब्ल्यू (हृदयात जन्मतः विजेची जादा वाट) असेल आणि धडधड अतिवेगवान व अनियमित असेल तर फुंकण्यात वेळ घालवू नका, थेट निघा.

उंबरठा

@साधा_सरळ, सहमत. एएफवाल्यांनी आकड्याइतकीच सुरू झाल्याची वेळ लिहावी. शॉक देऊन ताल सरळ करायचा तर पूर्वी 48 तासांची मर्यादा धरत, युरोपच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत ती 24 वर आली. त्यापुढे आधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवावं लागतं, नाहीतर अन्ननलिकेतून एको करून हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) गुठळी नाही ना हे पाहावं लागतं. 'परवापासून कधीतरी' या उत्तराने सोपा मार्ग बंद होतो. गोळी चुकवली असेल तर तेही सांगा, लाजू नका.

झटका आला की घ्यायची फ्लेकेनाइडसारखी गोळी पहिल्यांदा देखरेखीखालीच घ्यायची. नंतर घरी घेताना दुसरा डोस मनाने नाही.

केवडा

जुलाब-उलट्या राहिल्या. त्यात लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम घसरतं आणि एरवी निरुपद्रवी ठोकेही बिथरतात. पोटॅशियम त्याच दिवशी तपासून घ्या. सोटालॉल किंवा अमिओडेरोन (ताल राखायच्या गोळ्या) घेणाऱ्यांनी एझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), ऑन्डान्सेट्रॉन, डॉमपेरिडोन (उलटीच्या गोळ्या) विचारल्याशिवाय घेऊ नये. यांत भोवळ आली तर ती पित्ताची म्हणून सोडू नका. डिगॉक्सिनवर (नाडी मंद ठेवणारं औषध) मळमळ, पिवळसर दिसणं आणि मंद नाडी एकत्र आली तर पुढची गोळी घेण्याआधी फोन.

मधली_सुट्टी

फक्त जादा ठोके असतील, एक धक्का, मग पोकळी, मग पुन्हा सुरळीत, तर डाव्या कुशीवर पडल्यावर ते जास्त जाणवतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. चालायला लागल्यावर कमी होतात की वाढतात ते बघा. श्रम करताना वाढत असतील किंवा चढताना भोवळ आली असेल तर प्रकरण वेगळं. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाणकळा

आयसीडीचं कोणी लिहिलं नाही. एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय: त्याच दिवशी क्लिनिकला फोन, उपकरण तपासून घ्या. 24 तासांत दोन किंवा जास्त, किंवा एकच पण छातीत दुखतंय, धाप आहे, शुद्ध गेली: रुग्णवाहिका. शॉक बसताना कोणी हात धरला असेल तर त्याला फार तर चुणचुण लागते. माणूस कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल तर आयसीडी आहे म्हणून थांबायचं नाही, छाती दाबायला घ्यायची. मिनिटाला 100 ते 120. एईडीचा (बाहेरून शॉक देणाऱ्या मशीनचा) पॅच उपकरणाच्या फुगवट्यावर चिकटवू नका, थोडा बाजूला लावा. उपकरणाचं कार्ड पाकिटात ठेवा. कोणत्या कंपनीचं मशीन आणून ते वाचायचं, हे त्यावरूनच कळतं.