अनुभव धागा: कॅपिटल आणि स्मॉल एबीसीडीची ओळख कशी करून देता?

मराठीत ‘क’ पाटीवर, पुस्तकात, एसटीच्या फलकावर ‘क’च राहतो. इंग्रजीत मात्र अक्षरं २६ आणि आकृत्या ५२. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीतच इंग्रजी आहे, त्यामुळे हा गुंता घरोघरी आहे. शिकवणाऱ्यांनी नेमकं काय करता आणि काय फसतं ते लिहावं. ‘भरपूर सराव घ्या’ एवढ्यावर भागवू नका.

बालवाडी शिक्षिका

आधी २६ जोड्यांची वाटणी करा. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड या ७ जोड्या हुबेहूब आहेत, फरक फक्त उंचीचा. एफ, आय, जे, के, एम, पी, टी, यू, वाय या ९ थोडं लक्ष दिलं की जमतात. खरी डोकेदुखी ए, बी, डी, ई, जी, एच, एल, एन, क्यू आणि आर या १० जोड्यांची. ए ते झेड क्रमाने गेलात तर पहिल्याच आठवड्यात ए, बी, डी, ई अशा चार अवघड जोड्या अंगावर येतात. मूल तिथेच बिचकतं आणि दोष मुलाला लागतो. सुरुवात ओ, एस, एक्स यांनी करा. मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर त्यात घाला, ते कितीही अवघड असो.

आणखी एक. ‘स्मॉल’ म्हणजे आकाराने लहान, असं मूल धरून चालतं आणि कॅपिटल एच बारीक काढून ‘हा स्मॉल’ म्हणून दाखवतं. फळ्यावर वीतभर उंच स्मॉल एच काढा, शेजारी बोटाच्या पेराएवढा कॅपिटल एच. कोणता कुठला ते विचारा. हे एकदा करून पुरत नाही, चार-पाच दिवस करावं लागतं.

पहिली-दुसरीला इंग्रजी, जिल्हा परिषद शाळा

आपली अक्षरं शिरोरेघेला लटकतात, इंग्रजी अक्षरं रेघेवर उभी राहतात. मराठी आधी शिकलेली मुलं चार रेघी वहीत इंग्रजी अक्षरंही वरच्या रेघेला टांगतात. मग स्मॉल पी आणि कॅपिटल पी यांत काही फरकच उरत नाही, कारण तो फरक मुळात जागेचा आहे. आम्ही चार रेघांमधल्या तीन पट्ट्यांना माळा, खोली आणि तळघर म्हणतो. बी, डी, एफ, एच, के, एल, टी यांचं डोकं माळ्यावर जातं. जी, जे, पी, क्यू, वाय यांचे पाय तळघरात. उरलेली १४ खोलीतच राहतात. कॅपिटल सगळी माळा आणि खोली व्यापतात, तळघरात एकही उतरत नाही. खोलीची पट्टी पिवळ्या खडूने रंगवली की ‘माळ्यावर कोण?’ हा प्रश्न अक्षर वाचता न येणाऱ्यालाही सोडवता येतो.

अध्ययन-अडचणींवर काम करणारी

बी-डीबद्दल लिहिते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, हे मूल तीन-चार वर्षं शिकत आलेलं असतं. बी-डीमध्ये आपण एकदम सांगतो की कान फिरला की वस्तूच बदलली. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाने उलट काढणं हा लगेच घाबरून जाण्याचा विषय नाही.

त्यातही डी जास्त छळतो. कॅपिटल बीचं वरचं पोट पुसलं की स्मॉल बी उरतो. पाटीवर ओल्या बोटाने पुसून दाखवा, मुलं खूश होतात. कॅपिटल डीचं पोट मात्र उजवीकडे आणि स्मॉल डीचं डावीकडे, त्यामुळे तिथे कॅपिटलचा आधार घेतला की चूक पक्की होते.

दोघांना एकाच आठवड्यात आणू नका, मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या. डी शिकवायचा तो सीनंतर: स्मॉल सी काढा, हात न उचलता थेट माळ्यापर्यंत वर, त्याच दांड्यावरून खाली. बी शिकवायचा एच, एनच्या सोबत, कारण तिथे दांडा आधी येतो. डोळा चुकला तरी हात सांगतो. ताटात रव्याचा पातळ थर पसरून बोटाने गिरवणं पेन्सिलीपेक्षा बरं, फक्त थर जाड नको, नाहीतर रेघ भरून येते.

‘बी आणि डी यांतला फरक सांग’ असं शेजारी-शेजारी ठेवून विचारणं सर्वांत वाईट. होता-नव्हता तो भेदही त्यात गडबडतो.

घरीच शिकवणारे बाबा

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या तीन इंची चौकोनी चिठ्ठ्या, ५२. खालच्या कडेला लाल रेघ ओढाच. ती नसली तर एन उलटा होऊन यू बनतो, स्मॉल पीचा डी, बीचा क्यू. फ्रिजवर चिकटणाऱ्या अक्षरांनाही हाच रोग आहे, त्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. जोड्या जुळवायच्या खेळात एका वेळी सहाच जोड्या, चार येणाऱ्या आणि दोन नव्या.

संगणकाचा कीबोर्डही कामाचा. कळांवर कॅपिटल छापलेलं असतं, दाबल्यावर पडद्यावर स्मॉल उमटतं. अक्षराचा आकार ४८ ठेवा. फॉन्ट मात्र बघून निवडा: पुष्कळ फॉन्टमध्ये स्मॉल ‘ए’च्या डोक्यावर हुकासारखा बाक असतो, वहीतल्या ‘ए’ला नसतो. मूल ‘हे कोण?’ म्हणून विचारतं.

गाडीच्या नंबरप्लेटवर कॅपिटल शोधायला लावता येतात, पण ‘एमएच १२’ यानंतर जी अक्षरं येतात त्यांत आय आणि ओ मिळायचे नाहीत. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून ते वापरत नाहीत.

इंग्लंडमधून

इकडे शाळेत आधी आवाज, तोही स्मॉल अक्षरांसोबत. पुष्कळ शाळांत पहिली सहा एस, ए, टी, पी, आय, एन. आजी-आजोबांना सांगावं लागतं की व्हिडिओ कॉलवर ‘एस’ म्हणू नका, ‘स्स्’ म्हणा. नावं नंतर येतातच.

बालवाडी शिक्षिका (पुन्हा)

तपासताना गाण्याच्या क्रमाने विचारू नका. ‘एलेमेनोपी’ हे कित्येक मुलांना एकच अक्षर वाटतं. चिठ्ठ्या पिसून रोज दहा दाखवा. तीन सेकंदांत, सलग तीन दिवस ओळखली तीच ‘आली’ धरायची. न आलेली दोनच दुसऱ्या दिवशी पुढे न्या, बाकीची डब्यात.