मदत हवी आहे: मोठ्या शर्यतीनंतर सराव कशासाठी करावा?

सप्रेम नमस्कार. सेवानिवृत्तीनंतर दिवसाला आकार उरला नव्हता. तो यवतेश्वर घाटातल्या पहाटेच्या धावण्याने आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या 21 किलोमीटरच्या तयारीने मला पुन्हा मिळाला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधली सुमारे 90 किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत 12 तासांच्या मुदतीत पूर्ण केली, परंतु परतल्यापासून बूट बांधावेसेच वाटत नाहीत. विश्रांती पुरेशी झाली आहे, तेव्हा प्रश्न पायांचा नसावा. पुढच्या शर्यतीत नाव नोंदवा, असे सगळेच सुचवतात. मला मात्र (पदकांचा सोस मुळातच नाही) तो उपाय तात्पुरता वाटतो. ज्यांनी शर्यतीविनाही वर्षानुवर्षे सराव टिकवला आहे, त्यांनी आठवड्याची आखणी कशी केली आणि नवोदितांना सोबत घेऊन धावल्याने खरोखर फरक पडतो का, हे कृपया स्वानुभवावरून सांगावे.