बीपीची गोळी फुकट, तरी खेड्यातले लोक खात का नाहीत?

वर्धेकर: 'सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी फुकट आहे, तरी खात नाहीत, अडाणी लोक' असं काल नागपूरकरांनी लिहिलं. वाचून डोकं फिरलं. आमच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, कधी महिन्याची देतात, कधी साठा नाही म्हणून दहाच. वेचणीच्या दिवसांत दहा गोळ्यांसाठी मजुरी पाडून कोण जाईल? त्यात बीपी दुखत नाही. १६०/१०० वाली बाई ओटीत कापूस घेऊन दिवसभर वाकलेली असते, डोकं धरलं की बाम चोळते.

नागपूरकर: मजुरी पाडता येत नाही, पण खर्र्याला, त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूला, पैसे रोज निघतात. त्याचं काय?

गोंदियाकर: अगदी बरोबर! २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि आमच्या चौकात पहाटेपासून पन्नीत सुपारी-तंबाखू घोटणं सुरू. माझ्या भावाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. आधी टपऱ्या बंद करा, मग बीपीचं बोला.

वर्धेकर: विषय बीपीचा आहे, दादा.

गोंदियाकर: तंबाखूनं बीपी वाढत नाही काय? ज्याच्या घरचं जळते त्यालाच कळते.

आशाताई, यवतमाळ: भावाचं वाचून वाईट वाटलं. पण जी कधी खर्रा खात नाही तीही गोळी सोडते, तिचं काय सांगाल? मी घरोघरी फिरते. 'एकदा लागली की जन्मभर सुटत नाही', ही भीती पहिली. दुसरं म्हणजे आकडा उतरला की माणूस स्वतःच थांबतो. आमच्या गल्लीतल्या काकांचं १३० वर आलं, 'बरा झालो' म्हणून गोळी सोडली. पोळ्याच्या आधी लकवा मारला. गोळी चालू होती म्हणून आकडा उतरला होता, हे त्यांना कुणी बसून समजावलंच नाही. केंद्रातली रांग पाहता डॉक्टरांना तरी वेळ कुठं?

नागपूरकर: ठीक, अडाणी नाही म्हणत. पण लकवा मारल्यावर हेच घर गाडी करून नागपूर गाठते आणि कर्ज काढते. तेव्हा मजुरी आठवत नाही.

वर्धेकर: तेव्हा दुखणं दिसते म्हणून. वर्धा, भंडारा हे देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातले सुरुवातीचे जिल्हे. महिन्याची गोळी एकदम, तीही जवळच्या उपकेंद्रात, हेच तिथं ठरलं होतं. साठा भरून ठेवा, मग रोग्याला जाब विचारा.

गोंदियाकर: आणि टपऱ्या?

आशाताई, यवतमाळ: त्याही बंद करा. मी आडवी येणार नाही.