एकाच माणसाची दोन निदाने: मानसिक आजाराचे निदान ठरते तरी कशावरून?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर)
नमस्कार. माझे थोरले बंधू यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. दिवाळीनंतर ते अगदी गप्प झाले. जेवण तुटले, पहाटे तीनलाच जाग येऊ लागली, आणि मागावर उभे असूनही तुटलेला धागा जोडायला हात उचलेना. पहिल्या डॉक्टरांनी कागदावर ‘एफ ३२’ म्हणजे नैराश्य असे लिहिले. महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, तर त्यांनी वहिनींशी बराच वेळ बोलून ‘एफ ३१’, बायपोलर, असे लिहून औषधेच बदलली. रक्ताचे अहवाल नॉर्मल आहेत. मग दोघांतले चूक कोण? दोन वर्षांपूर्वी दादांनी उधारीवर दोन माग घेतले होते. तेव्हा रात्र-रात्र हिशेब मांडत बसायचे आणि दोन-तीन तास झोपूनही ताजेतवाने असायचे. वहिनींनी तेही सांगितले, पण त्याचा आजच्या उदासीशी काय संबंध, हे कळत नाही. शिवाय घरात मुलीच्या लग्नाचे पाहणे चालू आहे. हे नाव कायमचे चिकटेल का, ही धास्ती आहे.

उत्तर १ (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ)
ज्या गोष्टीचा संबंध कळत नाही असे आपण म्हणता, तिच्यामुळेच निदान बदललेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आपण लिहिलेले क्रमांक जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतले आहेत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी जुने क्रमांक अजून वापरात आहेत. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे डीएसएम हे दुसरे वर्गीकरण. त्याची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. दोन्हींत आजार ओळखला जातो तो मुख्यतः लक्षणांचा समूह, त्यांचा कालावधी आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात आलेली अडचण यांवरून. डीएसएमनुसार नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे टिकलेली असावी लागतात, आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी असावेच लागते.

अडचण अशी की बायपोलर विकारातले, म्हणजे ज्यात कधी उदासीचा तर कधी उन्मादाचा काळ येतो त्या विकारातले, नैराश्यही याच निकषांनी ओळखतात. आज समोर बसलेल्या रुग्णाकडे पाहून हे दोन आजार खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी मागचा इतिहासच लागतो. किमान आठवडाभर टिकलेला अतिउत्साह किंवा चिडखोरपणा, भरमसाट बोलणे, ऐपतीबाहेरचे व्यवहार, असा उन्मादाचा काळ पूर्वी एकदा जरी येऊन गेला असला, तरी निदान बदलते. त्यातही झोपेबद्दल बारकाईने विचारावे लागते. आता दादांची झोप पहाटे मोडते आणि दिवसभर ते थकलेले असतात. तेव्हा मात्र त्यांना झोपेची गरजच वाटत नव्हती. रुग्णाला स्वतःला तो काळ आजाराचा वाटत नाही, त्यामुळे तो आपणहून सांगत नाही, आणि म्हणून घरच्यांची साक्ष मोलाची ठरते. पहिल्या डॉक्टरांसमोर ही हकीकत आलीच नसेल, तर त्यांचे निदान उपलब्ध माहितीनुसार योग्यच होते.

याचा उपचारांवर थेट परिणाम होतो. बायपोलर विकारात नुसती नैराश्यविरोधी औषधे दिल्यास उन्माद उफाळण्याचा धोका असतो, त्यामुळे लिथियमसारख्या औषधांचा आधार घ्यावा लागतो. तरीही कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रक्ततपासणी करतात ती थायरॉइडसारखी शारीरिक कारणे वगळण्यासाठी. त्यातून या दोन आजारांचे निदान होत नाही.

उत्तर २ (सेवानिवृत्त शिक्षिका)
वरील विवेचन पटते, पण या याद्या माणसांच्या समित्या ठरवतात, हेही ध्यानात ठेवावे. समलैंगिकतेला विकार मानणे अमेरिकन संघटनेने १९७३ साली थांबवले. जागतिक आरोग्य संघटनेने ते १९९० साली केले. मधल्या काळात किती जणांना विनाकारण रुग्ण ठरवले गेले असेल! आपल्याकडे देवीच्या गोंधळात बाईच्या अंगात येते, तिलाही उद्या कोणी रुग्ण म्हणेल का?

उत्तर १ चे लेखक
ताई, आपला आक्षेप रास्त आहे. मी या व्यवसायात असूनही तो मला मान्य आहे. मात्र अंगात येण्याबाबत आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की समाजाला मान्य असलेल्या धार्मिक प्रथेचा तो भाग असेल, तर त्याला विकार म्हणू नये. ते अनिच्छेने, प्रथेबाहेर वारंवार घडत असेल आणि त्याचा त्या व्यक्तीला त्रास होत असेल, तरच निदानाचा विचार करायचा.

उत्तर ३ (पूर्व भाग, सोलापूर)
माझ्या आईला बायपोलर आहे. एका साध्या वहीत मी रोज तिची झोप, खर्च आणि बोलण्याचा वेग यांची नोंद ठेवते आणि दर भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवते. आई तेलुगू बोलते. मराठीत विचारले की ‘बरी आहे’ एवढेच म्हणते, म्हणून तेलुगू जाणणाऱ्या डॉक्टरांकडेच नेते. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

उत्तर ४ (वकील)
लग्नाबद्दलची धास्ती समजते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार निदान हे आयसीडीसारख्या मान्य वैद्यकीय मानकांवरच व्हावे लागते, आणि पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज किंवा पुढे कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. कलम २३ नुसार माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान द्यावे लागते. तेव्हा दादांची पॉलिसी असल्यास दोन्ही डॉक्टरांचे कागद, पावत्यांसह, जपून ठेवा.