मदत हवी आहे: सासरे दवाखान्यात एकदम गप्प झालेत

नमस्कार मंडळी. सासरे, वय ८१, खुब्याचं हाड मोडल्याने नाशिकमध्येच एका खासगी दवाखान्यात ॲडमिट आहेत. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण जेवणावरची वासना उडालीये, व्यायाम करून घ्यायला कुणी आलं की भिंतीकडे तोंड, आणि "माझं झालं सगळं, मला कशाला उठवता?" एवढंच. मूळचे अशक्त, त्यात गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. राउंडचे डॉक्टर म्हणतात, या वयात असं व्हायचंच. मला नाही पटत. हाड मोडलं की एक्स-रे, मन खचलं की वय?

वाचनात आलं की वृद्धांसाठी हो-नाही अशा १५ प्रश्नांची नैराश्याची चाचणी असते. डेलिरियममध्येही, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या मानसिक गोंधळातही, पेशंट असाच सुस्त, गप्प दिसू शकतो म्हणे. थायरॉइड, बी-१२, सोडियमही बघावं लागतं. कानाचं मशीन लावलं की मात्र जरा बोलतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर माहीत आहे, पण हे फोनवर बोलणारच नाहीत.

गंगापूर रोड, कॉलेज रोड बाजूला दवाखान्यात येऊन तपासणारे, ज्येष्ठांचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? आणि डॉक्टरांना न दुखावता हा विषय कसा काढावा?