बीपीच्या गोळ्या बंद करू नका
अ‍ॅक्युपंक्चर (अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा उपचार) सुरू केल्यावर बीपीच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का, असं काही जण विचारतात. कृपा करून तसं करू नका. ही पूरक पद्धत आहे, औषधाला पर्याय नाही. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी यांत मात्र बऱ्याच जणांना आराम पडतो. कॅन्सरच्या केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीवर मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या) मधोमध सुई लावतात. तिथे नुसतं दाबूनही काहींना बरं वाटतं. सुई दर वेळी नवी, सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हवी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल, तर आधीच सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरची स्वतंत्र परिषद आहे, त्यामुळे नोंदणी आहे का हे बेलाशक विचारा.