‘स्लॅक’ म्हणजे सैल की ढील? विमानातील लवचीक नळ्यांविषयीचे काही शब्द

प्रश्न : विमानात इंधन, तेल आणि हायड्रॉलिक द्रव वाहून नेणाऱ्या लवचीक नळ्या कशा बसवाव्यात, याच्या सूचना मी मराठीत लिहीत आहे. नळीला ५ ते ८ टक्के ‘स्लॅक’ ठेवावा, या सूचनेसाठी ‘नळी सैल बसवावी’ असे लिहिले, परंतु ते मलाच खटकते. तसेच ट्विस्ट, बेंड आणि किंक या तिन्हींसाठी ‘वाकणे’ हा एकच शब्द चालेल काय?

प्रतिसाद : ‘सैल’ मुळीच नको. मेकॅनिकच्या तोंडी सैल असतो तो नट, आणि नट सैल म्हणजे गळती. आपले वाक्य वाचून कोणी फिटिंग अर्धवट आवळून ठेवले, तर दोष वाक्याचाच म्हणावा लागेल. येथे ‘ढील’ हवी, पतंगाच्या दोऱ्याला देतात तशी. दाब आला की नळी किंचित फुगते आणि बहुधा लांबीने आखडते. तिची लांबी २ टक्क्यांपर्यंत वाढू शकते किंवा ४ टक्क्यांपर्यंत घटू शकते, त्यामुळे ताणून बसवलेल्या नळीचा सगळा ओढा टोकांच्या फिटिंगवर येतो. मात्र ढील आणि झोल यांत गल्लत करू नये. स्वतःच्या वजनाने नळी लोंबते तो झोल, आणि तो टाळण्यासाठीच निदान दर २४ इंचांवर तिला आधार देतात.

‘वाकणे’ हा शब्द तिन्हींसाठी वापरणे तर धोक्याचे आहे. बेंड म्हणजे बाक. तो मुद्दाम दिलेला असतो आणि ठरलेल्या त्रिज्येपेक्षा लहान नसला म्हणजे झाले. किंकसाठी ‘मुडपणे’ हे क्रियापद नेमके बसते, कारण मुडपलेल्या जागी नळीचे पोट मिटते. ट्विस्ट म्हणजे पीळ, आणि तो डोळ्यांना दिसावा म्हणून नळीवर टोकापासून टोकापर्यंत एक रेघ छापलेली असते. नट आवळताना दुसऱ्या पान्याने फिटिंग धरून ठेवले नाही, तर नटाबरोबर नळीही फिरते आणि ती रेघ खांबावरच्या वेलीसारखी नळीभोवती चढत जाते. अशी नळी दाबाखाली आपला पीळ सोडवू पाहते व त्या ओढीने नट ढिला होऊ शकतो. सुंभ आणि पीळ यांची म्हण येथे उलटी लागू पडते, असे मला नेहमी वाटते.

दुसरा प्रतिसाद : वरील म्हणणे मान्य आहे, परंतु ‘बाक’ या शब्दाशेजारी ‘वळण’ हा शब्दही राहू द्यावा. टेफ्लॉनची नळी बराच काळ एका आकारात राहिली, की तिला अक्षरशः वळण लागते. ती काढल्यावर सरळ करू नये, तर दोन्ही टोकांमध्ये तार बांधून तिचा आकार आहे तसाच राखावा, ही सूचना ‘वळण’ या शब्दाने विनासायास समजते.

‘कोल्ड फ्लो’साठी ‘शीतप्रवाह’ असे कोठे लिहिले असल्यास तेही काढून टाकावे. वाचकाला नळीतून थंड द्रव वाहतो आहे असे वाटेल. क्लॅम्पच्या किंवा फिटिंगच्या दाबाने नळीवर कायमचे खोल ठसे उमटतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. घट्ट दोरी मनगटाला काचते आणि वळ उठतो, तसाच हा प्रकार. शेजारच्या भागावर नळी हलत राहून झिजते ते मात्र ‘घासणे’. काचण्याला हालचाल लागत नाही, घासण्याला लागते. तपासणी करणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एका ठिकाणी क्लॅम्पखाली पाहावे लागते, तर दुसऱ्या ठिकाणी नळीचा मार्ग बदलावा लागतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘होज’ हा शब्द कारखान्यात रुळलेला असल्याने पहिल्या उल्लेखात ‘होज, म्हणजे लवचीक नळी’ असे लिहून पुढे ‘नळी’ ठेवतो. मूळ वाक्य आता असे झाले आहे : ‘दोन्ही टोकांचे नट पूर्ण आवळावेत, नळीला पीळ पडू न देता तिच्या लांबीत ५ ते ८ टक्के ढील ठेवावी.’